रोहण्याच्या निबंधातला लोहरथ

ईमेलवरून निबंध शिकवायला लागलो तेव्हा हिंगणघाटात मला आधुनिक म्हणू लागले. फायदा खराच होता. वर्गात मान खाली घालून बसणारी रोहणा गावातली माझी जुनी विद्यार्थिनी ईमेलमधून बिनधास्त कळवायची, "सर, हे मले पटलं नाई." समोर बसून असं म्हणायला तिला सात जन्म लागले असते.

तिला नागपूरला पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं. अर्जासोबत गावावर निबंध हवा होता आणि प्रवेश त्यावरच ठरणार होता. ती आर्वीच्या सायबर कॅफेत हस्तलिखित द्यायची, कॅफेवाला टाइप करून मला पाठवायचा.

पहिलंच वाक्य आलं: "सुवर्णकिरणांत न्हालेल्या या पुण्यभूमीत लोहरथाचे आगमन होताच जनसागर उसळतो."

मी कळवलं, रथ काढ. दुसऱ्या खर्ड्यात रथाला अश्व जुंपलेले. तिसऱ्यात तुताऱ्या. एवढा उद्धटपणा तिच्यात कुठून आला, म्हणून कॅफेत फोन लावला. सुदैवाने ती तिथेच होती.

"सर, मी लिहिलं होतं, एसटी आली की कोण उतरलं ते पाहाले सगळे जमतात. बाकी कॅफेवाल्या काकांनी टाकलं."

ऑनलाइन शिकवणीतला तोटा असा, की पलीकडे किती जण बसलेत ते दिसत नाही.

काकांनी फोन स्पीकरवर घेतला. तालुक्यातल्या प्रत्येक सत्काराचं सूत्रसंचालन त्यांच्याकडे असायचं.

"सर, पोरगी नागपूरले अर्ज करून राह्यली. निबंधात वजन नको?"

"भाऊ, त्या वजनानं एसटी पंक्चर होऊन राह्यली!"

पलीकडे ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना.

"पण सर, निदान तुताऱ्या तरी..."

"काका, उठा न तिथून!" ती म्हणाली.

ते उठले. तिने एका बोटाने सगळा निबंध स्वतः टाइप केला. पानभर मजकूर, एसटीतून उतरणाऱ्या माणसांचा. मी त्यात काहीच केलं नाही. शिक्षकाला यापेक्षा सोपं आणि अवघड काम नसतं.

यादी लागली त्या दिवशी फोन आला. "सर, लागलं नाव!" आणि मागून काकांचा आवाज, अख्ख्या कॅफेला उद्देशून, "आर्वी तालुक्याच्या साहित्यगगनात आज एक तेजस्वी तारका..."

मी ते चालू दिलं.