उलटी लागलेली बाही

शिवण शिकायला आलेली पोर पहिल्याच दिवशी कातरीकडे हात न्यायची आणि मावशी तिच्यापुढे एक जुना सदरा टाकायची. "उसव. कापडाला ओरखडा नको." तो झाला की दुसरा. पोरी घरी जाऊन कुरकुरायच्या, आम्ही शिवायला जातो का उसवायला? त्यावरून तिचं नाव पडलं उसवमावशी. नाव तिच्या कानावर आलं होतं, पण तिने ते अंगाला लावून घेतलं नाही. टाका कुठून आला हे ज्याला कळलं, त्याला तो कुठं न्यायचा हे सांगावं लागत नाही, असं तिचं म्हणणं. आधी उसवणं, मग इस्त्री, खुणा, टाचण्या, कच्चा टाका, आणि सगळ्यात शेवटी मशीन.

यंदा तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला. हात मात्र परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा मांडीवर बसून राहायचा. ती शिवायला जायची त्या दुकानाचा मालक भेटायला आला, तोंडभर बोलला आणि उठताना म्हणाला, "सोमवारी एक सदरा शिवून आणा, मावशी. तुमच्या हाताने. नाहीतर खिडकीजवळच्या तुमच्या मशीनवर दुसरं माणूस बसवावं लागेल मला."

मग मावशी स्वतःचीच विद्यार्थिनी झाली. डाव्या हाताने उसवणं, डाव्या हाताने टाचणी धरणं. टाचण्या खाली पडायच्या आणि धाकटी जाऊ त्या वेचायची. "ताई, तुमच्या पोरींना आता बोलवा. म्हणावं, बघा, मास्तरीण नापास होतेय."

"तू वेच," मावशी म्हणायची. हसायचंसुद्धा त्राण नसायचं.

सोमवारी सकाळी सदरा जवळजवळ झाला होता. पाठ, पुढचा भाग, कॉलर, सगळं जागेवर. एक बाही लागली होती. दुसरी हातात घेतली तेव्हा तिला लागलेली बाही नीट दिसली. मनगटाची फट मागे असायला हवी, ती पुढे आली होती. डावी बाही उजव्या मुंढ्यात, खांद्याच्या गोलात, जाऊन बसली होती. डोळे चुकले नव्हते. जन्मभर सदरा मांडीवर घेऊन ती उजव्या हाताने फिरवायची. आता डाव्या हाताने फिरवला, आणि तो उलट्या अंगाने फिरला. हाताची सवय डोळ्यांना विचारत बसत नाही.

ती भिंतीला टेकली.

"द्या इकडे," जाऊ म्हणाली. "मी उसवते, मीच लावते. कोण बघायला येतंय?"

"बाही कुणी लावली हे मी बघेन ना."

"मग आज ती जागा गेली."

"जाऊ दे."

असं म्हणाली खरी, पण हात थांबला नाही. उसवणीचं टोक शिवणीत शिरलं. एक टाका, पुढचा टाका. कापडाला ओरखडा नाही. एवढं एक काम तिच्या डाव्या हाताला आता पक्कं जमत होतं.

दुपारी तिने बिनबाह्यांचा सदरा मालकापुढे ठेवला, वर दोन सुट्या बाह्या.

"हे काय?"

"उलटी लागली होती. उसवली."

मालकाने मुंढ्यावरून बोट फिरवलं. टाक्याच्या भोकांपलीकडे काही लागलं नाही. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तिथं आजपासून दुसरी बसलीय, मावशी. तिच्या हाताला झपाटा आहे." मग सदरा तिच्याकडे सरकवत, "दुरुस्तीचं मशीन आहे दाराशी. लोकांचं उसवून पुन्हा शिवायचं. उजेड कमी आहे."

मावशीने खिडकीकडे एकदा पाहिलं. ती दाराशी जाऊन बसली, उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि सदरा फिरवण्याआधी डाव्या हाताने त्याच्या उजव्या मुंढ्यावर खडूची खूण केली.