रुंदीकरणवाले शेठ

आमदाराच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलात, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. काच खाली करायचा अवकाश, आपोआप आत येतात! त्यातून आमचे आमदार म्हणजे कारखानदार, आणि आमची गाडी अर्धा दिवस चाकणच्या चौकात उभी. गाडी हलेना की माणूस बोलणारच, काय करणार?

मी मुळात त्यांच्या कंपनीतला डिस्पॅचवाला. आता पीए म्हणून मिरवतो. 'शेठ' हे नाव तेव्हाचंच. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवायचा आमचा धंदा. एकदा आमचा टेम्पो चौकात असा अडकला, की आमच्या पार्टवाचून मोठ्या कंपनीची गाड्या जोडायची लाइनच थांबली. आमच्या धंद्यात याहून मोठी बेअब्रू नाही. शेठनी मोटरसायकलींवर पार्ट लादून पोचवले आणि त्याच रागात निवडणुकीचा अर्ज भरला! "ह्यो रस्ता रुंद न्हाई केला, तर पुन्हा मत मागायला येणार न्हाई," असं भर सभेत बोलून बसले. लोकांनी निवडूनही दिलं. तेव्हापासून या माणसाला एका जागी बसवत नाही.

*

पहिल्याच अधिवेशनात शेठनी रस्त्याचा प्रश्न विचारला. मंत्री म्हणाले, "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल."

शेठ पुन्हा उभे. "कोण करणार, आणि कोणत्या तारखेला?"

सभागृह हसायला लागलं. शेठना कळेना, यात हसण्यासारखं काय आहे. नंतर कॅन्टीनमध्ये एका जुन्या आमदारांनी त्यांना चहा पाजला. "शेठ, नवीन आहात. इथं तारीख मागायची नसते, आश्वासन मागायचं. ते मिळालं की मतदारसंघात जाऊन हार घालून घ्यायचे!"

शेठनी चहा अर्धाच ठेवला.

*

कंपनीत सकाळची मीटिंग उभ्यानं व्हायची. उभा माणूस थोडक्यात बोलतो, असा शेठचा सिद्धांत. म्हणून त्यांनी जनसंपर्क कार्यालयातल्या सगळ्या खुर्च्या उचलायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी गावातली म्हातारी मंडळी आली. त्यातल्या एका आबांनी चारी बाजूंना पाहिलं. "खुर्च्या कुटं गेल्या? आमी काय शिक्षेला आलोय व्हय?"

"आबा, काम सांगा की पटकन," शेठ म्हणाले.

"काम काय न्हाई. आमदार आपला हाय, म्हणून बसायला आलोय!"

संध्याकाळपर्यंत खुर्च्या परत आल्या. उभे राहिले ते फक्त शेठ.

*

आमच्याकडे दहाव्याला आमदार आलाच पाहिजे. रस्त्याकडेला चहाचं दुकान चालवणारे एक आजोबा गेले. नदीवर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. मुलांनी वचनं दिली, सुनांनी दिली, भाऊबंदांनी बांधाचं भांडण मिटवलं. कावळा आपला फांदीवर ढिम्म.

"म्हाताऱ्याचा जीव रस्त्यात गुतलाय," कुणीतरी म्हणालं. "शेठ, तुमीच शब्द द्या."

शेठ पुढे झाले, हात जोडले. "आजोबा, रस्ता करतो. नक्की करतो."

कावळा उठला आणि थेट पलीकडच्या काठावर जाऊन बसला!

मागून आवाज आला, "कावळ्याचा बी इस्वास न्हाई राह्यला!" माणसं तोंडाला टॉवेल लावून हसत होती. परतताना शेठनी गाडीची काच वर करून घेतली. मला त्यांचं फार वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, हसूही येत होतं.

*

एकदा चौकात तासभर गाडी हलेना. शेठ वैतागून उतरले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि हात करून कंटेनर मागे घ्यायला लावू लागले.

कंपनीच्या बसचा ड्रायव्हर मराठवाड्याकडचा. त्यानं खिडकीतून ओरडून सांगितलं, "ओ काका, कशाला उन्हात मरायलाव? आमदार यायलाय म्हणून अडवून ठेवल्यात गाड्या!"

"कोण आमदार?" शेठनी विचारलं.

"असंल कुणीतरी. आमाला काय, जेवायच्या टायमाला घरी पोचू द्या म्हणावं."

*

निवडणूक तोंडावर आली आणि एकदाची रुंदीकरणाला मंजुरी मिळाली. मोजणीवाले आले. रेषा नेमकी गेली ती आमच्याच कंपनीच्या जुन्या शेडमधून!

शेठ आमदार झाल्यापासून कंपनी त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, चालवतात. त्या दोघांनी पहिलं प्रेस मशीन याच शेडमध्ये बसवलं होतं. तेव्हा वहिनी स्वतः पेट्या भरायच्या.

अधिकारी शेठच्या कानाशी लागले. "साहेब, रेषा थोडी पलीकडे सरकवली तरी चालेल."

पलीकडे कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. दारात कपडे वाळत होते. शेठ भिंतीपासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून भिंतीपर्यंत येरझारा घालत राहिले. शेवटी ते हळूच म्हणाले, "मारा हितंच पट्टा."

भिंतीवर लाल पट्टा उमटला आणि वहिनी बाहेर आल्या. त्यांनी पट्टा पाहिला, पलीकडच्या खोल्या पाहिल्या. मग त्या शेठकडे वळल्या आणि तिऱ्हाइताला विचारावं तसं विचारलं, "का हो, हितला आमदार वळखीचा हाय का तुमच्या?"

शेठ येरझारा थांबवून उभे राहिले. "हाय थोडा."

"मग सांगा त्याला. मशिनी हलवायला म्हैनाभर दे म्हणावं."

"सांगतो," शेठ म्हणाले. "पण त्यो जरा घाबरट हाय. तुमी येता का संगं?"