अव्होकाडो आणि उरलेलं पाणी

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर आजोबांनी तुम्हाला दाखवलं ते झाड रामफळाचं होतं. तुम्ही तिकडे टाळ्या वाजवल्यात, पुढच्या उन्हाळ्यात आपल्या झाडाचे अव्होकाडो खायला येतो म्हणालात, आणि मी तोंड उघडायच्या आत यांनी फोन ठेवला. म्हणून आता लिहिते आहे. तुम्ही एवढ्या लांबून मानवतला यायचं आणि रामफळाखाली उभं राहायचं, हे मला चालणार नाही.

बिया तुम्हीच दिल्या होत्या, तीन. मी तुमच्याकडून निघताना धुऊन माझ्या हातावर ठेवल्यात आणि "आजी, फळं आली पाहिजेत" असं बजावलंत. मी रीतसर कामाला लागले. प्रत्येक बीला काड्या टोचून ती काचेच्या पेल्यावर बसवली. बूड पाण्यात, टोक वर. आजोबा येता-जाता हसायचे.

"आंब्याची कोय उकिरड्यावर उगवती. हिला सलाईन कशाला लावलंस?"

मग त्यांनी एक बी उचलून शेतात नेली आणि कापसाच्या कडेला पुरली. आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि अव्होकाडोच्या मुळांना नेमकं तेच सोसत नाही. मी सांगितलं होतं. बी कुजली.

उरलेल्या दोन्हींना कोंब फुटले, पानं आली. वाळू आणि शेणखत घालून मी त्या कुंड्यांत लावल्या, ओट्याच्या पायरीशी ठेवल्या, आणि तिथेच घात झाला. आपल्याकडे प्यायचं पाणी कुणी फेकत नाही. टँकरमागे घागरी घेऊन धावलेली माणसं आहेत ही. आल्या-गेल्याला तांब्या द्यायचा, त्याने दोन घोट घ्यायचे आणि उरलेलं पाणी जवळच्या झाडाला. आमच्याकडे दिवसभर माणसांचा राबता. पानं पिवळी पडू लागली तेव्हा मी ठळक अक्षरांत पाटी लावली, 'पाणी घालू नये'. शेजारच्या सुनेने ती मोठ्याने वाचली आणि वाचता वाचताच पेला कुंडीत रिकामा केला.

"अगं, आत्ताच वाचलंस ना?"

"काकू, घोटभर तर हाय! याला काय पाणी म्हणतेत का? अन् तहानलेल्या झाडाला न्हाई म्हणू नये."

"ते तहानलेलं नाही, बुडायला लागलंय!"

"मग पोहायला शिकव त्याला," आजोबा आतून म्हणाले.

त्यातलं एक झाड गेलं. उपटलं तर मुळं काळीठिक्कर. आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या कुंडीवर पेला वाकडा करताना कोण सापडावं? तुमचे आजोबा. "सवय हाय गं," म्हणे.

लगेच मी ते झाड मागच्या अंगणात हलवलं. मुरूम टाकून उंचवटा केला आणि त्यावर लावलं. तिकडे पाहुणे जात नाहीत. आजोबा आता उरलेलं पाणी हातात धरून ओट्यावर घुटमळतात आणि शेवटी स्वतःच पिऊन टाकतात.

पुढच्या उन्हाळ्यात अव्होकाडो मिळणार नाहीत. बीपासून वाढलेलं झाड फळायला बरीच वर्षं घेतं, आणि फळ तुम्ही खाल्लं तसंच निघेल असंही नाही. खोड जाड झालं की कलम बांधून बघेन.

तीन बियांपैकी एक झाड जिवंत आहे. माझ्या कमरेएवढं. उन्हाने पानांच्या कडा करपल्या आहेत, पण शेंड्याला नवी पालवी आहे.