मिस्त्रींचं नाक

आमच्या ट्रेलरला गॅसची जोडणी करायला मिस्त्री आले, तेव्हा त्यांच्या एका हातात हत्यारांची पेटी होती आणि दुसऱ्या हातात घडीची खुर्ची. खुर्ची बायकोसाठी होती. त्या मागून गुडघे सांभाळत सावकाश आल्या.

"साहेब, आधीच सांगतो," मिस्त्री म्हणाले. "मागे ताप आला, त्यात माझा वास गेला. फुलाचा कळत नाही, गटाराचा नाही, गॅसचाही नाही. म्हणून हिला आणतो. हिचं नाक आहे तोवर काम. पटत नसेल तर आत्ताच सांगा, राग नाही."

"घरी म्हणतात, सगळीकडे नाक खुपसतेस," वहिनी खुर्ची उघडत म्हणाल्या. "आणि कामावर तेच नाक लागतं."

मी निवृत्त झालो की गाडीमागे ट्रेलर जोडून मुलीकडे, बहिणीकडे निवांत जायचं, असं आम्ही नवराबायकोने ठरवलं होतं. ट्रेलरच्या आत एक शेगडी होतीच. बायकोला बाहेर रांधायला दुसरी हवी होती आणि थंडीसाठी हीटर. म्हणजे त्याच सिलिंडरवरून दोन नव्या शाखा काढायच्या.

मिस्त्रींचा उभा जन्म या कामात गेलेला. उत्साह संपला होता, शिस्त तेवढी उरली होती. सिलिंडर त्यांनी बाहेरच्या कठड्यातच ठेवला. प्रत्येक शाखेला वेगळा कॉक बसवला. तांब्याचा पाइप पत्र्यातून जातो तिथे रबरी कडी घातली, नाहीतर प्रवासात घासून घासून पाइप कापला जातो.

"हा गॅस हवेपेक्षा जड," ते म्हणाले. "गळला तर खाली साचतो. म्हणून तळाची ही जाळी मोकळी ठेवायची. थंडी वाजते म्हणून चिंधी कोंबायची नाही."

"ते माझ्याकडे बघून का सांगताय?" माझी बायको म्हणाली.

"चिंध्या कोंबणारे हात मला ओळखू येतात. आमच्याही घरात आहेत."

तपासणीचा त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावायचं. मग दाब दाखवणारं गेज जोडायचं, सिलिंडर बंद करायचा आणि काटा खाली येतो का ते बघत बसायचं. वहिनी सगळ्यात शेवटी. पण त्या दिवशी ट्रेलरखाली उताणं पडून पडून मिस्त्रींची पाठ धरली. साबणाचं पाणी लावून ते बाहेर आले आणि पायरीवरच टेकले. गेज फाटकाबाहेर त्यांच्या गाडीत होतं.

"तू बघ गं," ते म्हणाले.

वहिनी एकेका जोडाशी वाकल्या. "काही नाही," त्या म्हणाल्या. मिस्त्री पाने पुसून पेटीत ठेवू लागले.

"गेज नाही लावत?" वहिनींनी विचारलं.

"तू आहेस ना."

वहिनी पदराशी चाळा करत खुर्चीत बसून राहिल्या. खुर्ची आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होती.

थोड्या वेळाने मीच म्हणालो, "दूध लागलं वाटतं." चहासाठी ठेवलेलं दूध करपलं होतं आणि वास अंगणभर झाला होता. माझी बायको आत धावली. मिस्त्रींना वास येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी खिडकीला टेकून समोर बघत होत्या.

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. फाटकाबाहेर जाऊन ते गेज घेऊन आले. काटा काही वेळ स्थिर राहिला, मग हळूहळू उतरू लागला.

"सर्दी कधीपासून?" त्यांनी काट्यावरची नजर न काढता विचारलं.

"परवापासून."

"बोलली नाहीस."

"कधीपासून काम नव्हतं. तुम्ही घरात या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेऱ्या मारता. किती बघायचं माणसाने?"

"म्हणून यांचं घर उडवायचं?"

"तुम्ही गेज लावाल असंच धरून चालले होते," वहिनी हळू म्हणाल्या. "नेहमी लावता."

मिस्त्रींनी पाना उचलला. ते पुन्हा ट्रेलरखाली शिरले. चाकाच्या दांड्यावरचा एक जोड वरच्या बाजूने गळत होता. तिथे साबणाचं पाणी पोचलंच नव्हतं. पाइपाची पसरट कड एका अंगाला चिरली होती. तो तुकडा कापून त्यांनी जोड नव्याने केला. पुन्हा साबणाचं पाणी, पुन्हा गेज. काटा हलेना, तरी ते उठले नाहीत. चहा निवला, त्यावर साय धरली. शेवटी शेगडी पेटवली. ज्योत निळी, आवाज न करता जळत होती.

निघताना मी म्हणालो, आमच्या ऑफिसातल्या एकांनाही अशीच जोडणी हवी आहे, तुमचा नंबर देऊ का?

मिस्त्रींनी वहिनींकडे पाहिलं. त्या रुमाल शोधत होत्या.

"अहो, सर्दी काय, चार दिवसांत जाईल," त्या म्हणाल्या.

"सर्दी जाईल," मिस्त्री म्हणाले. "आज गेज गाडीत ठेवून पेटी मी बंद करत होतो." मग माझ्याकडे वळले. "त्यांना दुसरा माणूस बघायला सांगा, साहेब."

त्यांनी खुर्ची घडी करून गाडीत मागे टाकली, पेटी टाकली. गेज मात्र, धक्का लागू नये म्हणून, पुढे बसलेल्या वहिनींच्या मांडीवर दिलं. वहिनींनी ते दोन्ही हातांनी धरलं.