सख्ख्याचे डोळे

फोटोवाले मामा कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी पांढरं काय आहे ते बघत. चुन्याची भिंत, धोतर, नाहीतर मिठाची बरणी. “बल्ब खोटं बोलतो भाऊ, ट्यूब त्याहून खोटं बोलते. एक खरं पांढरं सापडलं की बाकीचे रंग गुमान कबूल होतात,” असं म्हणत.

वसमतला त्यांचा दहा बाय आठचा स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकात ते डार्करूममध्ये काम करत. दोन हजारनंतर कॉम्प्युटर आला. घरात काढलेले पिवळे, अंधारे फोटो तालुक्यातून त्यांच्याकडे येत. एकदा एक बाई म्हणाली, “मामा, लेकीला जरा गोरी करा.” मामा म्हणाले, “करतो की. पर मग ती तुमची न्हाई राहणार, शेजारणीची व्हईल.” बाई हसली आणि सावळीच लेक घेऊन गेली.

माझी आई वारली तेव्हा तिचा एकटीचा एकही फोटो घरात नव्हता. जलदान विधी चार दिवसांवर आला होता. शोधून शोधून एका लग्नातला, माजघरातला फोटो सापडला. अकरा माणसं, वर चाळीसचा बल्ब, आणि मागच्या रांगेत अर्धी अंधारात आई. तो घेऊन मी कुरुंद्याहून मामांकडे गेलो.

मामांनी फोटो स्कॅन करून मोठा केला. पिवळा रंग काढला आणि उजेड थोडा थोडा वाढवत नेला. मी पडद्यावरचे आकडे बघत होतो. वीसवर पदराची कड दिसली, पस्तीसवर हनुवटी. पन्नासवर सबंध चेहरा वर आला, विहिरीतून यावा तसा. आईचे डोळे मिटलेले होते.

माझ्यासोबत आत्या होती. ती मागे सरकली. “मिटल्या डोळ्याच्या बाईला हार कसा घालावा रे? तिला आत्ताच नेऊन राहिलो असं वाटतं.”

आत्याला बाहेर बाकावर बसवून मामा मला हळूच म्हणाले, “डोळे बसवता येतात. पर सख्ख्याचेच लागतात. परक्याचे लावले की चेहरा ओळखीचा वाटतो, घरचा वाटत न्हाई.”

त्यांनी मला स्टुलावर बसवलं, डोक्यावर चाळीसचाच बल्ब लावला. मी कॅमेऱ्याकडे बघितलं.

“असं न्हाई. तुमी आईकडं बघू नका. आईनं तुमच्याकडं बघावं, तसं बघा.”

पाचव्या वेळी त्यांनी मान डोलावली. अर्ध्या तासानं पडद्यावर आई माझ्याकडे बघत होती. “कुणाला सांगू नका,” मामा म्हणाले. “सांगितलं की ते डोळे पुन्हा तुमचे होतात.”

विधीच्या दिवशी आत्या फोटोसमोर बसली ती उठेचना. “बघ, वहिनी कशी बघून राहिली!” मी व्हय म्हणालो.

तेव्हापासून मला एक खोड लागली. कुणाच्या घरी गेलो की भिंतीवरचे फोटो बघतो. हट्टा गावी एकदा एका घरी चहा घेताना, भिंतीवरच्या आजोबांचे डोळे चहा देणाऱ्या नातीच्या चेहऱ्यावर दिसले. तिनं विचारलं, “काय झालं काका?” मी कप खाली ठेवला. असे फोटो मी आजवर सात मोजले.

मामा थकले तेव्हा स्टुडिओ बंद करून लेकीकडे निघाले. निरोपाला गेलो, तर त्यांनी एक पाकीट दिलं. आत आईचाच फोटो होता: उजेड पन्नासवर, पिवळेपणा गेलेला, डोळे मिटलेले. “भिंतीवरचा लोकांसाठी केला,” ते म्हणाले. “ही तुमची आई. हिच्यात मी काही घातलं न्हाई.” वर्षभरात ते गेल्याचं कळलं.

पाकीट माझ्या कपाटात आहे. भिंतीवरच्या आईला हार घालताना मी मान खाली घालतो. ती माझ्याकडे बघते तेव्हा कोण बघतंय ते मला माहीत असतं. कपाटातली आई कधीच बघत नाही. तिच्यासमोर मी कितीही वेळ बसू शकतो.