ओकचं पान आणि उशी

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एकोणिसाव्या शतकातल्या एका विचारवंताचं संग्रहालय आहे. त्याने पेन्सिलीने काढलेलं ओकचं पान तिथल्या बाईंनी मऊ उशीवर ठेवून मला दाखवलं.

"श्वाससुद्धा जरा लांबूनच घ्या," त्या हसत म्हणाल्या.

माझे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनीही आयुष्यभर झाडांची पानंच काढली, आणि त्यांचा हातही असाच हलका होता. ते गेल्यावर आईने ती चित्रं स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर, डब्यांखाली अंथरली. मला त्या उशीचा इतका हेवा वाटला, की बाहेर येताच आईला फोन लावला.

"आई, बाबांची चित्रं आहेत ना गं?"

"आहेत की. तेलाच्या डब्याखाली."

"काढून नीट ठेव."

"ठेवते. पण मग डब्यांखाली काय घालू?"