पिसाच्या पंखांची पाकोळी

एवढ्याशा किड्यापायी माणसाजवळ किती किस्से साठावेत! दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. कोपरगावच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात तिघंच होतो: विभागप्रमुख साबळे सर, शिपाई रामभाऊ आणि डेमॉन्स्ट्रेटर मी.

*

प्राचार्य प्रयोगशाळा बघायला आले आणि साबळे सर एकदम म्हणाले, "सर, हलू नका."

प्राचार्य जागीच थिजले. त्यांच्या कोटाच्या बाहीवर नखाएवढा करडा पतंग बसला होता. पंख पिसासारखे चिरलेले, पाय काडीसारखे, बसलेला हुबेहूब इंग्रजी टी. सरांनी अलगद त्याच्यावर बाटली धरली.

"हा आपल्या भागातला नाहीच," ते म्हणाले. प्राचार्यांना विसरून ते आनंदानं बाटलीच न्याहाळू लागले.

*

सरांनी पतंग पुण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवला. त्यांचं पत्र आलं. हा पतंग कोकणात आणि दक्षिणेत सापडतो. तुमचा एखाद्या ट्रकमधून आला असेल. नगर जिल्ह्याची नोंद हवी तर दुसरा नमुना पाठवा.

रामभाऊंनी विचारलं, "म्हंजी त्याला रहिवासी दाखला पायजे?"

"अगदी बरोबर," सर म्हणाले.

*

रविवारी जाळी घेऊन देवळाली प्रवरा गाठलं. उसाला पाणी देणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "काय धरताय?"

"पतंग," मी म्हटलं.

"आन् मांजा कुठं हाय?"

रामभाऊंनी 'पाकोळी' म्हणून सांगितल्यावर त्याही आमच्याबरोबर बांध धुंडाळू लागल्या. पण हाती काहीच लागलं नाही.

*

महिन्याभरानं आम्ही तिघं शिंगणापूरला गेलो होतो. एका घरी पाणी मागितलं आणि आतल्या भिंतीवर तोच टी! सर बाटली काढून सरळ आत घुसले.

घरातले आजोबा शांतपणे म्हणाले, "आमच्या गावात दारं न्हाईत. पर न इचारता कुनी काय नेत बी न्हाई."

सर ओशाळले. हात जोडून म्हणाले, "आजोबा, ही पाकोळी नेऊ का?"

"न्या की. पर परत आनून द्या."

सरांनी कबूल केलं. पुण्यानं नोंद मान्य केली, जिल्ह्याचं नाव लागलं, सरांनी आम्हाला पेढे दिले. नमुना परत आल्यावर काचेच्या डबीत टाचणीला लावलेला तो पतंग घेऊन सर स्वतः शिंगणापूरला गेले. मीही होतो.

आजोबांनी डबी उजेडात धरली, बराच वेळ पाहिली.

"लई जपून आनली," ते म्हणाले. "आता झाकन काढा, बसू द्या तिला भितीवर."